जिन्याखाली अडकलेली ऑटोमॅटिक अन् बॅटरीवालं पोरगं : चार स्टार

लातूरला सासरवाडीत दोन दिवस मुक्काम होता, गल्ली बोळाएवढी, म्हणून गाडी मामांच्या जिन्याखाली नाकानं आत घातली. लेकीनं आतला लाईट चालू ठेवला अन् तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी ठार. रिमोट चालंना, चावीनंच दार उघडलं. बोनेट उघडावं तर वर जिना, चार बोटं उचललं की टेकतंय. म्हणजे गाडी आधी मागं ओढायची, अन् गिअरचा लिव्हर पी म्हणजे पार्किंगमध्ये जाम. ब्रेक दाबून दाबून पोटऱ्या दुखल्या. मामा म्हणले चार माणसं बोलावतो, धक्का मारून सेकंडला सोडा. मामा, ही ऑटोमॅटिक आहे, धक्क्यानं चालू होत नसते.

एका हेल्पलाईनला फोन केला, त्यांचं म्हणणं आधी गाडी रोडवर आणा. रोडवर आणता आली असती तर तुम्हाला कशाला उठवलं असतं?

मग मेव्हण्यानं ह्या बॅटरीच्या दुकानाला फोन लावला. अर्ध्या तासात यायलो म्हणले, आले सव्वा तासानं, एक स्टार त्याचा कापला. पण पोरगं हुशार. आल्या आल्या हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला, मग चावी ऑनवर. "साहेब, टॉर्च धरा जरा." लिव्हरच्या बाजूला नखाएवढं प्लास्टिकचं टोपण असतंय, तीन वर्षं गाडी चालवतोय पण मला ते डिझाईनच वाटायचं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून ते उचकटलं, आत दाबून धरलं, दुसऱ्या हातानं लिव्हरचं बटण दाबलं अन् खट्‌कन एनला, म्हणजे न्यूट्रलला. ब्रेक दाबल्यावर लिव्हरचं लॉक करंटवर सुटतंय, करंटच नाही म्हणून हातानं सोडवायचं, एवढंच. गोल नॉबवाल्या इलेक्ट्रॉनिक गिअरच्या गाडीत बहुतेक हे टोपण नसतंय म्हणे, तिथं आधी बाहेरून करंटच द्यावा लागतो.

मग दगड काढला, मी स्टिअरिंगवर अन् हात हँडब्रेकवर, कारण इंजिन बंद असलं की फूटब्रेक दगडासारखा होतो. चौघांनी ढकलून गाडी सहा फूट मागं घेतली.

पुढचं काम पाच मिनिटांचं. सोबत आणलेल्या बॅटरीवरून लाल केबल प्लसला, काळी शेवटी आमच्या इंजिनच्या लोखंडाला. मायनसला का नाही विचारलं तर म्हणे ठिणगी उडाली तर बॅटरीपासून लांब उडावी. गाडी चालू झाल्यावर मीटर लावून दाखवला, १४ व्होल्टच्या वर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. नवीन बॅटरी गळ्यात मारायचा चान्स होता, तरी म्हणला रात्रभर चार्जिंगला लावा, चालंल अजून. हे लई आवडलं. सगळे मिळून तीनशे घेतले, बिल मागितलं तर नुसता हसला.

टोपणाचा एक कोपरा तेवढा तुटलाय. मामा म्हणले फेविक्विकनं पक्कं चिकटवून टाका, मी म्हणलं नको, परत लागलं तर?