बोर्डातला यूएसबी, एक्स्टेन्शन की ६५ वॅटचा अडॅप्टर?

तीन-चार मोबाईल, पोरांचा टॅब, इअरबड, ट्रिमर आणि लाईट गेल्यावर लागणारी टॉर्च, एवढं तरी घरोघरी रोज चार्जिंगला लागतं. त्यासाठी बाजारात तीन प्रकार मिळतात. मराठवाड्यातली लाईट पाहता आमची पसंती दोन टाइप-सी आणि एक साधा यूएसबी पोर्ट असलेल्या ६५ वॅटच्या अडॅप्टरला. वस्तू जास्त असतील तर दोन घ्या आणि वेगवेगळ्या खोल्यांत लावा.

स्विचबोर्डात बसणारा यूएसबी दिसायला नीटनेटका, पण साध्या मॉडेलात दोन्ही पोर्ट मिळून ५ व्होल्ट, २.१ ते २.४ अँपिअर, म्हणजे १०-१२ वॅटच मिळतात. टॅब लावला की मोबाईल रखडतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे तो उपसता येत नाही. फेज (वीज आणणारी तार) थेट जोडलेली असेल तर तो चोवीस तास लाईटवर राहतो. बसवायचाच असेल तर वायरमनला सांगून फेज स्वतंत्र बटणातून घ्या.

यूएसबीवाल्या स्वस्त एक्स्टेन्शनला आमचा स्पष्ट नकार आहे. आतल्या पितळी पट्ट्या सैल पडतात, प्लग हलला की ठिणगी उडते आणि प्लास्टिक पिवळं पडत जातं. काहींत तर तिसऱ्या पिनेला अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. वापरण्याआधी मल्टिमीटरने प्लगची जाड पिन ते सॉकेटचं वरचं मोठं भोक अशी कंटिन्युइटी, म्हणजे आतून वायर सलग जोडलेली आहे का, ते तपासा. त्याच एक्स्टेन्शनवर कूलर किंवा इस्त्री लावू नका.

आता अडॅप्टर. संभाजीनगरच्या पैठण गेटला घ्या नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत, आधी मागची बारीक अक्षरं वाचा. इनपुट १००-२४० व्होल्ट हवं. आउटपुटमध्ये ५, ९, १५ आणि २० व्होल्ट वेगवेगळे लिहिलेले हवेत. ६५ वॅटच्या अडॅप्टरवर शेवटी २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असतं. नुसतं ‘५ व्होल्ट ८ अँपिअर’ लिहून फास्ट चार्जिंगचा दावा असेल तर ठेवून द्या. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेखाली इंग्रजी ‘आर-’ आणि आठ आकडे असतात. तो नंबर ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव आणि वस्तू जुळते का, ते दुकानातच बघा. बिनबिलाच्या शे-दीडशेच्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि मोबाईलकडची बाजू यांत पाच-सहा मिलिमीटरचं अंतरही कधी कधी सोडलेलं नसतं. तिथे इन्सुलेशन फुटलं की मेनची लाईट थेट केबलमध्ये येते. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरवरही धातूच्या कडेला हलकी झिणझिण जाणवू शकते. झटका बसला तर मात्र तो चार्जर बाद करा.

६५ वॅट मिळतात ते एकाच पोर्टला. दोन टाइप-सी लावले की बहुतेक वेळा ४५ आणि २० अशी वाटणी होते. तिसरी केबल लावताना बाकीच्यांचं चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा सुरू होतं. तो बिघाड नाही.

केबलचा घोळ वेगळाच. ट्रिमर, टॉर्च अशा काही वस्तूंना टाइप-सीचं तोंड असतं, पण वस्तू जोडल्याचं चार्जरला कळवणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर त्यांत बसवलेले नसतात. मग दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर त्या चार्जच होत नाहीत. त्यांच्यासाठीच साधा यूएसबी पोर्ट हवा. ६० वॅटपर्यंत ३ अँपिअरची केबल चालते, पुढे ५ अँपिअरची लागते.

बरेच अडॅप्टर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा त्यापुढे जातो. पूर्ण लोडवर सहा-सात वॅट उष्णता त्या डबीतच राहते. म्हणून तो मोकळ्या फरशीवर किंवा फळीवर ठेवा. गादी, उशी, फ्रिजचा माथा नको. अर्ध्या तासाने हात लावून बघा. दहा सेकंद धरवत नसेल तर एक वस्तू काढा.

न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटला की घरात ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात. स्पाइक गार्ड क्षणिक झटका झेलतो, असा टिकून राहिलेला जास्त दाब नाही. त्यासाठी मीटरजवळ ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो. वीज कडाडू लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, अडॅप्टर उपसून ठेवा. गेलेली लाईट परत आल्यावरही पाच मिनिटं थांबून मगच लावा.