राजारामपुरीतील नर्सिंग शिकवणी वर्ग : एकाच छताखालच्या दोन तुकड्या

बारावीची परीक्षा संपत आली की कोल्हापुरातील राजारामपुरीच्या गल्ल्यांत नीट आणि सीईटीच्या फलकांशेजारी आता नर्सिंग प्रवेशाचे फलकही लागलेले दिसतात. त्यांपैकी एका वर्गात माझ्या भाचीने आधी बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची, तुकडी केली आणि प्रवेश मिळाल्यावर त्याच ठिकाणी पहिल्या सत्राची संध्याकाळची तुकडीही केली. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेली असून बरीच वर्षे वॉर्डात काम करते, त्यामुळे तिच्या वह्या, सराव प्रश्नपत्रिका आणि नोट्स मी बारकाईने पाहिल्या, आणि वर्गचालकांच्या परवानगीने काही तासांना मागच्या बाकावर बसलेही. वर्गाचे नाव मी येथे देत नाही. परंतु ज्या गोष्टी खटकल्या आणि ज्या मनापासून आवडल्या त्या शहरातील इतर वर्गांची पारख करतानाही पालकांच्या उपयोगी पडतील. माझे मत सांगायचे तर ज्या तुकडीची जाहिरात होते ती सीईटीची तुकडी साधारण आहे, आणि जिची जाहिरात जवळपास होतच नाही ती पहिल्या सत्राची तुकडी पैसे मोजून लावावी अशी आहे.

सीईटीची रचना सरळ आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड या पाच भागांना प्रत्येकी २० गुण, म्हणजे एकूण १०० प्रश्न आणि १०० गुण. वेळ दीड तास. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. एवढे माहीत असताना तासांची वाटणी कशी असावी हे वेगळे सांगण्याची गरज नाही. या वर्गात मात्र नीटसाठी तयार केलेले साहित्यच वापरले जात होते, आणि त्यामुळे भौतिकशास्त्राची लांबलचक गणिते आठवड्यातले बहुतेक दिवस खात होती, तर तितक्याच गुणांच्या इंग्रजीला रविवारचा एखादा तास मिळत होता. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या, राधानगरी, आजरा, चंदगडकडून आलेल्या मुलींसाठी हिशोब नेमका उलटा असायला हवा. इंग्रजीतील २० गुणांपैकी बरेचसे थोड्या नियमित सरावाने हाती येतात, आणि हाच सराव पुढे चार वर्षे कामाला येतो. जीवशास्त्र शिकवणारे सर उत्तम आहेत, हेही नोंदवले पाहिजे. मानवी शरीराचे धडे ते आकृत्या काढून घेत आणि मुलींकडून फळ्यावर काढून घेत.

सराव परीक्षांबाबत माझी तक्रार अधिक मोठी आहे. प्रत्यक्ष परीक्षा संगणकावर होते, आणि येथे शेवटपर्यंत कागदावरच सराव चालला. पडद्यावर प्रश्न वाचणे, अडलेला प्रश्न खूण करून पुढे जाणे, उरलेल्या वेळेवर नजर ठेवणे या गोष्टींची सवय नसलेल्या मुलीची दहा-पंधरा मिनिटे सहज वाया जातात. शिवाय गुण वजा होत नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, ही साधी सूचनासुद्धा अगदी शेवटच्या दिवसांत दिली गेली. ॲप्टिट्यूडची तयारी म्हणजे जागतिक परिचारिका दिन १२ मे रोजी असतो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० चा, अशा ठरावीक नोंदींचे पाठांतर होते. त्यातले काही विचारले जात असेलही. पण रुग्णाशी कसे वागावे, एकाच वेळी दोघांनी हाक मारली तर आधी कोणाकडे जावे, याचा विचार करायला लावणारे प्रश्न या तुकडीत मला फारसे दिसले नाहीत.

प्रवेश मार्गदर्शन या नावाखाली वेगळे शुल्क घेतले जाते. ते देऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन. कॅप राउंडचा, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा, अर्ज शांतपणे वाचला तर घरच्या घरी भरता येतो, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे, म्हणजे अधिवास, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, वैद्यकीय योग्यतेचा दाखला, ही शेवटी आपल्यालाच गोळा करावी लागतात. मार्गदर्शकांचा कल खासगी संस्थेतील व्यवस्थापन कोट्याच्या जागांकडे असल्याचे मला जाणवले. अशा जागेवर प्रवेश घेतल्यास शासकीय शुल्क सवलतींना मुकावे लागू शकते, ही बाब त्यांनी आपणहून सांगायला हवी होती. महाविद्यालय निवडताना भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद या दोहोंची मान्यता, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि संस्थेचे स्वतःचे रुग्णालय या गोष्टी आधी पाहाव्यात. त्या रुग्णालयात खाटा किती आहेत आणि त्यांवर प्रत्यक्षात रुग्ण असतात का, हे एखाद्या दुपारी जाऊन पाहून आलेले उत्तम. माहितीपत्रकावरचा इमारतीचा फोटो इंजेक्शन द्यायला शिकवत नाही. एका बाबतीत मात्र वर्ग प्रामाणिक वागला : कला शाखेच्या एका मुलीला बी.एस्सी.साठी विज्ञान शाखा आणि जीवशास्त्रासह बारावी लागते हे सांगून त्यांनी तिचे पैसे घेतले नाहीत आणि तीन वर्षांच्या जीएनएमचा मार्ग दाखवला.

आता पहिल्या सत्राच्या तुकडीविषयी. नव्या अभ्यासक्रमात चार वर्षांची आठ सत्रे झाली आहेत, आणि पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन (रुग्णसेवेची मूलतत्त्वे) असे सहा विषय एकदम अंगावर येतात. महाविद्यालयात सर्व शिकवणे इंग्रजीतून असते. बारावीला चांगले गुण मिळवून आलेली मुलगी पहिल्या अंतर्गत परीक्षेत नापास होते तेव्हा घरच्यांना धक्का बसतो. वास्तविक तिला विषय समजलेला असतो, पण दहा गुणांचे उत्तर इंग्रजीत मांडायचे कसे हे तिला कोणी दाखवलेले नसते. ही तुकडी एक निवृत्त सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंग शिकवणाऱ्या बाई, घेतात, आणि त्यांची सगळी मेहनत नेमकी या जागी असते. मुद्दा त्या मराठीत समजावतात, त्याच मुद्द्याची चार लहान इंग्रजी वाक्ये मुलींकडूनच तयार करून घेतात, आणि पुढच्या तासाला तेच उत्तर वही मिटून लिहायला लावतात. छापील नोट्स देत नाहीत. सुरुवातीला यावरून पालकांनी कुरकूर केली होती, परंतु भाचीच्या वहीतील पहिल्या आणि दुसऱ्या महिन्याची उत्तरे शेजारी ठेवून पाहिल्यावर माझी तरी खात्री पटली.

फाउंडेशन हा विषय त्या ज्या पद्धतीने शिकवतात ती मला माझ्या प्रशिक्षणात मिळाली असती तर बरे झाले असते. प्रत्येक प्रक्रियेसाठी वहीच्या पानाचे दोन भाग करायचे, डावीकडे कृती आणि उजवीकडे तिचे कारण. चादर ताणून सुरकुती काढायची, कारण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवर त्या सुरकुतीच्या दाबाने आणि घर्षणाने जखम होण्यास सुरुवात होते. कुल्ल्यावर इंजेक्शन देताना वरचा बाहेरचा भाग निवडायचा, कारण सायटिक नर्व्हला इजा होऊ द्यायची नाही. नाडी अनियमित लागली तर पूर्ण मिनिटभर मोजायची, कारण पंधरा सेकंदांच्या मोजणीला चारने गुणल्यास अनियमितपणा झाकला जातो. तोंडी परीक्षेत परीक्षक हेच उजवीकडचे रकाने विचारतात, आणि वॉर्डात एखादी नवी सिस्टर चुकते तेव्हा तिला कृती आठवत नसते असे नाही, त्या कृतीमागचे कारण माहीत नसल्यामुळे ती घाईत नको ती पायरी गाळते.

सलाइनच्या थेंबांचे गणित शिकवण्याचा तास मी पूर्ण पाहिला. ५०० मिली द्रव ४ तासांत द्यायचा आहे आणि सेट, म्हणजे सलाइनची नळी, १ मिलीला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब, हा तो प्रश्न. ५०० ला २० ने गुणून २४० मिनिटांनी भागले की ४१.६७, म्हणजे ४२ थेंब येतात, हे फळ्यावर बहुतेकींना जमले. त्यानंतर बाईंनी खिडकीच्या गजाला पाण्याची बाटली आणि सेट अडकवला, सेकंदकाटा असलेले घड्याळ हातात दिले आणि प्रत्येकीला नळीवरचा रोलर फिरवून मिनिटाला ४२ थेंब लावायला सांगितले. त्यात मात्र पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्या चुकल्या. मग मायक्रो सेट लावला. त्यात १ मिलीचे ६० थेंब होत असल्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब येतात, ही सोय मुलींनी स्वतः शोधून काढली. असा तास सीईटीच्या तुकडीत एकही झाला नाही.

हजेरीबाबत बाईंची भूमिका कडक आहे, आणि ती योग्य आहे. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ८० टक्के उपस्थिती लागते, आणि क्लिनिकलचे, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे, सर्व तास पदवीपूर्वी भरून काढावेच लागतात. सत्र परीक्षेच्या आधी उजळणीसाठी म्हणून वॉर्डातली पोस्टिंग बुडवून आलेल्या मुलींना त्यांनी माघारी पाठवल्याचे मी पाहिले. पैसे घेणारा वर्ग असे करतो, हे मला तरी नवीन होते.

या तुकडीच्या अडचणी प्रामुख्याने वेळेच्या आहेत. सकाळच्या पोस्टिंगनंतर महाविद्यालयातील तास संपवून संध्याकाळी येथे पोहोचलेल्या मुली थकलेल्या असतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात अर्ध्याजणी पेंगतात. कदमवाडीच्या बाजूने येणाऱ्या मुलींना संध्याकाळच्या रहदारीत केएमटीच्या शहर बसवर अवलंबून राहावे लागते. वसतिगृहात राहणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी आहे, कारण फाटक बंद होण्याची वेळ आणि वर्ग सुटण्याची वेळ जवळपास एकच असते. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी वेगळी तुकडी आहे, पण ती लवकर भरते आणि तिच्यात आठवड्याचे सगळे विषय घाईने उरकावे लागतात. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र तर रविवारच्या मुलींना स्वतःच वाचावे लागते. ते जमण्यासारखे आहे, म्हणून मी फार दोष देणार नाही. पण संध्याकाळच्या आणि रविवारच्या तुकडीला शुल्क सारखेच घेतले जाते हे पटत नाही.

जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, हवेशीर आहे. पिण्याच्या पाण्याची सोय नीट आहे, स्वच्छतागृहाची नाही. रक्तदाब मोजण्याची यंत्रे दोन आहेत आणि त्यांपैकी एकाचा पट्टा सैल आहे, त्यामुळे सराव करताना रांग लागते. एवढ्या शुल्कात आणखी दोन घेता आली असती.

सत्राच्या तुकडीचे शुल्क सीईटीच्या तुकडीच्या साधारण निम्मे आहे आणि ते दोन हप्त्यांत देता येते. पहिल्या हप्त्याची पावती मागून घ्यावी, ती आपणहून दिली जात नाही. कॅपच्या शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या मुली येथे येतात तोपर्यंत शरीररचनेची पेशी, ऊती आणि हाडे ही प्रकरणे होऊन गेलेली असतात, आणि कार्यालयातील मंडळी त्यांना रेकॉर्डिंग पाहण्यास सांगून मोकळी होतात. अशा वेळी थेट बाईंना भेटावे. चार-पाच मुली जमल्या तर रविवारच्या तासानंतर थांबून बाई ही प्रकरणे पुन्हा घेतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.