प्लेटलेट कमी असताना कोणता आकडा खरा धरायचा?

रक्ततपासणीचं मशीन प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) इम्पिडन्स किंवा फ्लुरोसंट पद्धतीने मोजतं, आणि दोन्हींचे आकडे वेगळे येऊ शकतात. इम्पिडन्स पद्धतीत, म्हणजे कणामुळे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा मोजताना, मशीन फक्त कणाचा आकार बघतं. लाल पेशीचा बारीक तुकडाही तिथे प्लेटलेट म्हणून मोजला जातो आणि खरी, पण मोठी प्लेटलेट सुटून जाते. एका मायक्रोलिटर रक्तात दीड लाख प्लेटलेट असतील, तर दोन-चार हजारांची चूक खपून जाते. पण रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवायच्या का, हे बहुधा 10,000 च्या आसपास ठरतं. तिथे तीच चूक जिवावर बेतू शकते. फ्लुरोसंट पद्धतीत चमकणारं रंगद्रव्य प्लेटलेटमधल्या आरएनएला चिकटतं, लाल पेशीच्या तुकड्यांत आरएनए जवळजवळ नसतो, त्यामुळे असे तुकडे बरेचसे वेगळे पडतात. खर्च जास्त, तरी कमी आकड्याला मी हिच्यावरच विसंबेन. मात्र ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले असतील, तर दोन्ही फसू शकतात. तेव्हा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, मायक्रोस्कोपखाली बघायलाच हवा.