पीक नुकसानीची सरकारी भरपाई : आमच्या बेळगाव भागातला अनुभव

बळ्ळारी नाला फुगला की येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातलं भात पाण्यात जातं, हे आता दरसालचंच झालंय. म्हणून भरपाईबद्दल लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल.

चांगलं आधी सांगतो. पैसे थेट बँकेत येतात, चेक नाही की मधला माणूस नाही. पण त्यासाठी फ्रूट्स आयडी (कर्नाटक सरकारचा शेतकरी नोंदणी नंबर) पाहिजे आणि त्यात तुमचे सगळे सर्वे नंबर जोडलेले पाहिजेत, खात्याला आधार लिंक पाहिजे, नाहीतर यादीत नाव असूनही पैसे अडकतात. आमच्या गल्लीत एका काकींचं असंच अडकलं, ऑफिसात कुणी नीट सांगेना, कागद सगळे कन्नडमधे, बिचाऱ्या नुसत्या हेलपाटे घालत होत्या. राग येतो हो!

रक्कम मात्र फारच कमी. केंद्राच्या 2022-26 च्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8500, बागायतीला 17000, तेही 2 हेक्टरपर्यंतच आणि नुकसान 33 टक्के किंवा त्याच्या वर असेल तरच. म्हणजे कोरडवाहू एकराला साडेतीन हजाराच्या आत, त्यात नांगरट आणि रोप लावणीची मजुरी तरी निघते का? 2025 ला राज्यानं वर हेक्टरी 8500 जादा जाहीर केले ते बरं केलं.

सगळ्यात वाईट म्हणजे वाट्यानं करणाऱ्याला काहीच नाही, उताऱ्यावर नाव त्यालाच पैसे, मग घाम कुणाचा का असेना. हे बदलायलाच पाहिजे.

5 पैकी 2 स्टार. सर्वेला माणसं येतील तेव्हा शेतात स्वतः हजर राहा आणि पाणी असतानाच फोटो काढून ठेवा.