हेल्मेटमधला इंटरकॉम: आठ महिने, तीन शिकाऊ आणि एक बडबड्या मामा

दोन गाड्यांवरच्या माणसांना चालता चालता एकमेकांशी बोलता यावं म्हणून हेल्मेटमध्ये बसवतात त्या इंटरकॉमची जोडी दसऱ्याला घेतली, आता मृग लागलाय. आठ महिने झाले, म्हणून लिहितो. खोक्यावर गाणी, फोन, ग्रुप राइड असं बरंच काही छापलंय. मी ती घेतली फक्त मोटरसायकल शिकवायला, तेव्हा हा अनुभव तेवढ्यापुरताच. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका जोडीवरून दोष माझ्या सेटचा की सगळ्या मालाचा, हे ठरवता येत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या साध्या ब्लूटूथ इंटरकॉमपैकीच आहे, जोडी साडेसहा हजारांना पडली.

मी आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकवतो. इंजिन उघडून दाखवायला सांगा, डोळे झाकून दाखवीन. चालवायला शिकवणं हे वेगळंच काम आहे, हे भाचीनं दाखवून दिलं. ती आरोग्यसेविका. उपकेंद्र कऱ्हाडपासून चौदा किलोमीटरवर, आणि दाजींची 100 सीसी गाडी घरात धूळ खात पडलेली. "मामा, तुम्हीच शिकवा," म्हणाली. मागून शेजारच्या वहिनी आल्या आणि मित्राचा नुकताच अठरा झालेला मुलगा आला.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण हे घेणाऱ्याचा तिथेच गैरसमज होतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर रस्त्यावर गाडी काढायची तर एल लावलेला हवा आणि मागे पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा बसलेला हवा. म्हणजे मी मागच्या सीटवर, माझं तोंड तिच्या कानापासून वीतभर. तिथं इंटरकॉम कशाला? मैदानावर ती एकटी चालवायची तेव्हा थोडा उपयोग झाला. हाफ क्लच, म्हणजे अर्धा सोडलेला क्लच, कुठं धरतो ते समजेपर्यंत दहादा गाडी बंद पडते, तेव्हा ओरडण्यापेक्षा हळू बोललेलं बरं. पण मी पायी, डोक्यात हेल्मेट, एकटाच बडबडतोय, हे बघून क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून उभी राहायची.

पुढचा ब्रेक शिकवायलाही मैदानच लागतं, इंटरकॉम नाही. आपल्याकडं ‘पुढचा दाबला की माणूस उडतो’ हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. उडतो तो झटक्यानं दाबणारा. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायची खरी ताकद तिथंच असते. मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं तेवढंच करकचून दाबलं तर लॉक होऊन घसरतं. भाचीच्या घरी दोन म्हशी आहेत. तिला म्हणालो, "धार काढताना सड एकदम ओढतेस का? बोटं एकामागून एक आवळत नेतेस ना, तसा." दुसऱ्या दिवशी जमलं. वहिनींना ही उपमा लागू पडली नाही. त्यांच्याकडं दूध पिशवीतून येतं.

इंटरकॉमची खरी गरज पक्कं लायसन्स हातात आल्यावर लागते. आरटीओत आठ काढावा लागतो. तो सोपा नाही, त्याला तोल, क्लच, नजर सगळं लागतं. पण त्या आठात समोरून एसटी येत नाही. पक्कं मिळालं की भाची एकटी गाडीवर आणि मी माझ्या गाडीवर मागं तीस-चाळीस मीटरवर, कानात एकमेकांचा आवाज. पहिले पंधरा दिवस मी क्रिकेटच्या समालोचकासारखा बोलत होतो. गिअर कमी कर, आरसा बघ, इंडिकेटर बंद कर, डावीकडं घे.

नोव्हेंबरात विट्याच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला आणि रस्त्यावर सांडलेलं वाढं. संध्याकाळी साडेसहाची वेळ. पुढच्या वळणावर ट्रॉली दिसली तसा मी ओरडलो, "ब्रेक, ब्रेक!" तिनं पायाचा ब्रेक दाबला, मागचं चाक लॉक झालं, गाडी दोन हात आडवी गेली आणि सावरली. कडेला थांबलो. माझे पाय लटपटत होते. ती शांतपणे म्हणाली, "मामा, ट्रॉली मला आधीच दिसली होती, रेस सोडली होती मी. तुम्ही ओरडलात म्हणून दाबला."

रात्री वहीत हिशेब मांडला. 40 च्या वेगाला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. मला धोका दिसणार, मी बोलणार, आवाज यंत्रातून किंचित उशिरा पोचणार, तिला शब्द कळणार, मग बोटं हलणार. यात सव्वा-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच पंधरा मीटर संपले, अख्ख्या एसटीच्या लांबीहून जास्त. कुठल्याही कंपनीचा, कितीही महागाचा सेट घ्या, मागून दिलेली आज्ञा उशिराच पोचणार. हे यंत्र अपघात टाळायला घेत असाल तर घेऊ नका.

दुसऱ्या दिवसापासून मी गप्प आणि ती बोलणार, असं ठरवलं. जे दिसेल ते म्हणायचं. "डावीकडं शाळा सुटलीय. पांढरी गाडी थांबलीय, पुढचं चाक वळवलेलं आहे, बाहेर येईल. साइडपट्टीवर खडी. म्हातारे आजोबा, आपल्याकडं बघत नाहीत." पहिले दोन दिवस ती लाजायची, मग सुरू झाली. आणि मला ती काय म्हणत नाही ते ऐकू यायला लागलं. समोरचं सगळं म्हणायची, पण मागून हॉर्न देत आलेला डंपर कधी बोलण्यात यायचा नाही. म्हणजे आरसा बघितलाच जात नव्हता. इतके दिवस मागच्या सीटवर बसून मला हे कळलं नव्हतं. तिथून तिची फक्त मान दिसते, डोळे कुठं आहेत ते नाही. माझे साडेसहा हजार या एका गोष्टीत वसूल झाले.

मधे कधी मी बोलायला लागलोच तर भाची म्हणायची, "मामा, थांबा ना जरा, मला रस्ता ऐकू येत नाही." खरं आहे. आवाज अर्ध्यावर ठेवला तरी मागून येणाऱ्या गाडीचा अंदाज कमी होतो. एकाच कानात स्पीकर बसवून बघितला, ते बरं पडलं.

आता यंत्राबद्दल. खोक्यावर 500 मीटर लिहिलंय. मोकळ्या रस्त्यावर अडीचशेपर्यंत नीट ऐकू येतं, वळणाआड किंवा बाजारपेठेत शंभरलाच खरखर सुरू होते. शिकवायला तेवढं पुरतं, त्याहून लांब असाल तर तुम्ही शिकवत नाही, नुसते मागून येताय. 50 च्या वर वाऱ्याचा आवाज माइकमध्ये शिरतो. पूर्ण हेल्मेटला हनुवटीजवळ चिकटवायचा छोटा माइक आणि अर्ध्या हेल्मेटला दांडीचा, दोन्ही खोक्यात येतात. छोटा कितीतरी चांगला. चार्जिंग रोज तासभर वापराला आठवडा जातं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती चार्जिंगच्या रबरी झाकणाची. चौथ्या महिन्यात सैल झालं, आता पावसात त्यावर चिकटपट्टी लावतो. शिवाय फोन आला की इंटरकॉम आपोआप तुटतो आणि पुन्हा जोडायला गाडी थांबवावी लागते. शिकवताना दोघांचेही फोन यंत्राला जोडूच नका.

बसवताना एक काळजी घ्या. स्पीकर कानाला टोचतो म्हणून आतलं थर्माकोल कोरायचा सल्ला मला दुकानदारानंच दिला होता. डोकं आपटल्यावर दबून मार झेलतं ते हेच थर्माकोल. आयएसआय शिक्का बघून हेल्मेट घ्यायचं आणि नेमकं तेच पोखरायचं, याला काय म्हणावं? कानाजागी आधीच खोलगट असलेलं हेल्मेट मिळतं, ते घ्या. नाहीतर स्पीकर राहू द्या.

मित्राच्या मुलाचा अनुभव थोडक्यात. त्याला इंटरकॉम म्हणजे गाण्यांची सोय वाटली. "काका, चाळीसनंच चाललोय," असं कानात सांगायचा, आणि मागं माझा काटा पंचावन्नवर. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून सेट काढून घेतला. त्याला आधी मागच्या सीटवर बसवून मी चालवतो आणि त्यानं बोलायचं, असं चालू केलंय. कुरकुरतो, पण येतो.

दर महिन्याला दोन-चार जणांना शिकवणाऱ्यानं जरूर घ्यावा. घरातल्या एकालाच शिकवायचं असेल तर कुणाकडून तरी महिनाभर मागून आणा. भाची फेब्रुवारीपासून एकटी जाते. तिचा सेट आता वहिनींच्या हेल्मेटमध्ये बसवलाय. मंगळवारी त्यांची आठाची तारीख आहे. "भावजी, पास झाले तर पहिल्या दिवशी विट्याचा रस्ता नको," असं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय. मसूरच्या रस्त्यानं जाऊ म्हटलं.