मीटिंग फुकट, एसटीचं तिकीट आपलं

चार तारे देतोय. एक कापला तो बाकांसाठी. आमची मीटिंग, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गटाची, प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गात भरते. सहा वर्षांच्या पोराच्या मापाचे बाक, आणि मी मालवणात मच्छीमारी बोटींची इंजिनं खोलणारा ऐंशी किलोचा माणूस. दीड तास गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. समोर मुळाक्षरांचा तक्ता. पहिल्या दिवशी मान वर करायची लाज वाटत होती म्हणून तोच वाचत बसलो. द दप्तराचा. मी भलतंच वाचणार होतो.

गटाचं गाव लिहीत नाही. कुडाळ-सावंतवाडी पट्टा, एवढं पुरे. मी मुद्दामच लांबचा गट शोधला. आमच्याकडे दुपारी कुणाच्या घरी सुरमई शिजली ते संध्याकाळी बंदरावर कळतं, मग मी मीटिंगला जातो हे किती दिवस झाकणार? म्हणून आधी म्हापशाकडे गेलो. गोव्यात गट बरेच आहेत. ज्या एसटीने वर्षानुवर्षं स्वस्त बाटल्या आणायला गेलो, तीच एसटी. माणसं प्रेमळ, पण बोलणं इंग्रजी आणि तिकडची कोकणी. समजत सगळं होतं. माझी पाळी आली तेव्हा मात्र तोंड उघडेना. बायकोची पाटली कुठे गेली हे मी इंग्रजीत कसं सांगणार?

मग नेटवर एका यादीत जवळचा पत्ता मिळाला. गेलो तर कुलूप. वेळ बदलून म्हणे वर्ष झालं होतं. त्या दिवशी परतताना स्टँडसमोरच्या बारच्या पायरीपर्यंत गेलो होतो, खोटं कशाला बोलू. तेव्हा नेटवरच्या यादीवर विसंबून निघू नका, आधी फोन करून विचारा. मला खरी वेळ सांगितली ती डॉक्टरांनी. त्यांनीच दम दिला होता की रोजची दारू एकदम आपल्या मनाने तोडायची नाही, फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं. आधी औषधं, मग मीटिंग. जवळ डॉक्टर नसेल तर सरकारचा 14446 हा फुकट नंबर आहे.

दुसऱ्या खेपेला स्टँडवर रिक्षा केली आणि नुसतं शाळेचं नाव सांगितलं. रविवार, संध्याकाळचे साडेपाच. रिक्षावाला आरशात न बघताच म्हणाला, “फुडचा गेट बंद आसता, मागल्या बाजून जावा.” भाडं पूर्ण घेतलं. माझ्या लपवाछपवीची किंमत चाळीस रुपये.

आत काय होतं? बाहेर लोकांना वाटतं भाषण असेल, नाहीतर कीर्तन. तसलं काही नाही. 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत राहिले आणि सुटले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं आणि आजही मुळात तेच चालतं. पिणाऱ्याने पिणाऱ्याशी बोलायचं. फी नाही, हजेरीचं पुस्तक नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा हवी, बास. शेवटी डबा फिरतो, जमेल ते टाका, नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत. आमदार आला तरी नाही, हे मला फार आवडलं.

दारूतून सुटायच्या ज्या बारा पायऱ्या गटात सांगतात, त्यांत देव हा शब्द येतो. मला खटकला. एका जुन्या मित्राला म्हटलं, माझा देवाशी हिशेब बाकी आहे. तो म्हणाला, “ठेव बाकी. चहा घे.” चहा मात्र पाणचट.

एक गृहस्थ आहेत, ते बोलायला उठले की निम्मी मीटिंग त्यांचीच. सुरुवातीला वैताग यायचा. पण जूनचं त्यांनी सांगितलेलं मला लागू पडलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. तेव्हाच माझ्याकडे कामाची गर्दी आणि हातात ॲडव्हान्सचे पैसे. 61 दिवसांचा विचार करू नकोस, म्हणाले, आजचं इंजिन आज खोल. तो पावसाळा कोरडा गेला. गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने बॅगेतून बाटली काढली, तेव्हा मी माडाखाली उभा राहून ह्याच माणसाला फोन लावला. अर्धा तास बोलले. त्या दिवशी लांबण बरं वाटलं.

घरच्यांना आणायचं असेल तर मीटिंग ओपन आहे का ते विचारा. क्लोज्ड असली तर फक्त आपल्यासारखेच. बायका-मुलांसाठी ॲल-ॲनॉन वेगळं असतं, ते आमच्या गावात नाही. बायको त्यासाठी फोनवरच्या मीटिंगला बसते, दार लावून. माझ्याबद्दल काय सांगते ते विचारायचं नाही असं ठरलंय.

परतीची शेवटची गाडी मीटिंग संपल्यावर वीस मिनिटांनी सुटते, तेव्हा दाराजवळचा बाक धरा. आणि पावसात छत्री बाहेर पायरीवर ठेवू नका. माझी बदलून गेली, लाकडी मुठीची होती. नेणाऱ्याचं पहिलं नाव कळलं, पण त्या नावाचे आमच्यात तिघे आहेत.