रामटेक की धापेवाडा? रमतगमत सायकलफेरीसाठी

नागपूरहून रामटेक सुमारे ५० किलोमीटर. कामठी, कन्हान, मनसरपर्यंत हायवे. मागून ट्रक असताना गप्पा मारत जोडीने चालवणं विसरा, एकामागे एकच राहा.

धापेवाडा त्याहून जवळ. काटोल नाक्यावरून कळमेश्वर, पुढे शेतं, संत्र्याच्या बागा. तिथल्या चंद्रभागा नावाच्याच नदीकाठी (पंढरपूरची नव्हे) विठ्ठलाचं देऊळ. आठ-दहा जणांच्या, त्यातही नवख्यांच्या गटाला हेच बरं. वेग ताशी १५. सर्वात संथ गडी पुढे ठेवा, नाहीतर गट तुटतो. पंक्चर बहुधा बाभळीच्या काट्याने: नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने चाचपा, टोक अडकलेलं असतं. माणशी एक ट्यूब, दोन लिटर पाणी. मार्चनंतर पहाटे साडेपाचलाच निघा.